यादीतून वगळलेलं घर

९ फेब्रुवारी

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, संशोधन करणाऱ्याने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे डोक्यातला गोंधळ कागदावर येतो. एकोणीस वर्षं पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसून मी दुसऱ्यांचा गोंधळ कागदावर उतरवला, आता स्वतःचा उतरवते. ही वही मात्र मॅडमना दाखवायची नाही.

तर नोंद. वय शेहेचाळीस. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र. विषय: संकट आलं की शहर तग कसं धरतं. वर्गातली बाकीची मंडळी तेवीस-चोवीसची, मला ‘काकू’ म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता नुसतं वाईट वाटतं. खात्याने दिलेली अभ्यासरजा ३० एप्रिलला संपते. त्याआधी प्रबंध मान्य झाला तर मी नियोजन विभागात जाणार. नाही झाला तर परत खिडकी, ती थेट निवृत्तीपर्यंत. पंचविसाव्या वर्षी हेच शिक्षण अर्धवट सोडलं होतं, नवऱ्याची बदली झाली म्हणून. तिसरी संधी काही मिळायची नाही.

प्रबंधाचं नाव ठरवून टाकलंय: ‘उंच इमारतीत शेजाराचा अंत’. नमुना म्हणून आमचीच इमारत. अकरा मजले, मजल्याला चार घरं, एकूण चव्वेचाळीस. नियमाप्रमाणे संशोधकाचं स्वतःचं घर धरायचं नसतं, म्हणून आमचं ३०२ यादीतून काढलं. उरली त्रेचाळीस.

लोक एकमेकांना ओळखत नाहीत, संकट आलं की थेट आमच्या खिडकीला फोन करतात, हे मी एकोणीस वर्षं कानाने ऐकलंय. आता ते फक्त आकड्यांत मांडायचं.

१३ फेब्रुवारी

या घरात अभ्यास करायचा म्हणजे फलाटावर बसून हिशेबाचं गणित सोडवण्यासारखं आहे.

कारण बाबा, म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण डेपो काही अंगातून उतरत नाही. सकाळी सात वाजता आंघोळ करून, दाढी करून, दार सताड उघडून दाराशी खुर्ची टाकून बसतात. मागे भिंतीवर किल्ल्यांचा फळा. डेपोत बसच्या किल्ल्या टांगायचे तसाच, हुकांखाली घरांचे नंबर. इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी जादाची किल्ली बाबांकडे आणून टांगली आहे. मग दिवसभर रांग. कोणाचं दार ओढलं गेलं, कोणाची कामवाली लवकर आली, कोणाच्या घरचा गॅस बंद आहे की नाही बघायचाय.

आज विद्यापीठातून आले तर खुर्चीत आठव्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर. मांडीवर बाबांची लाल वही, हातात आमचं वर्तमानपत्र. बाबा आत घोरत होते.

“काय डॉक्टर, दवाखाना बंद का?”

“दोन ते चार बंदच असतो,” डॉक्टर म्हणाले. “चार्ज माझ्याकडे आहे.”

कसला चार्ज न् कसलं काय. शिकलेली माणसं, पण वेळ घालवायला आमचंच दार मिळतं.

(प्रबंधासाठी विचार: लोकांना शेजारी नको असतो, किल्ल्या ठेवायला कपाट हवं असतं. हे वाक्य छान आहे. वापरावं.)

२० फेब्रुवारी

चौदा फॉर्म भरून झाले. प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे, पण खरा सातवा: ‘अचानक संकट आलं तर या इमारतीत सर्वांत आधी कोणाचं दार वाजवाल? सोबतच्या यादीतून घर क्रमांक निवडा.’

गंमत म्हणजे सातव्याशी आले की लोक हसतात. पाचव्या मजल्यावरच्या शिवणताई तर खो खो हसल्या. त्यांच्या घरी दोन मशीनं आहेत, दिवसभर खडखडाट.

“तुम्हीच विचारताय होय हे?”

“मीच विचारणार ना. माझा प्रबंध आहे.”

“बरं बाई,” म्हणत त्यांनी यादीवर वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा खालून वर फिरवलं. “यात नाही.”

“कोणीच नाही?”

“यात नाही हो,” म्हणाल्या आणि रकाना कोरा सोडून पुढे गेल्या.

बिचाऱ्या. इतकी वर्षं इथे राहून एक दार नाही वाजवायला.

२८ फेब्रुवारी

पूर्ण! त्रेचाळीसपैकी एकेचाळीस फॉर्म आले. दोन घरं बंद आहेत. प्रश्न सातवा: तेहेतीस कोरे. तेहेतीस!

मी स्वयंपाकघरात अक्षरशः एक गिरकी मारली. कोणाच्याही सिद्धांताला इतका स्वच्छ पुरावा मिळत नाही. ऐंशी टक्के घरांना या इमारतीत हाक मारावी असं एकही माणूस नाही.

बाबांनी विचारलं, “एवढी खूश का ग?”

“शेजार मेला, बाबा. आकड्यांनी सिद्ध झालं.”

“अरेरे,” बाबा म्हणाले. “कधी?” मग म्हणाले, “मलाही एक फॉर्म दे की.”

“घरच्यांना नसतो.”

“का?”

“नियम आहे.”

नियम म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली. कंट्रोलरला नियमाचा फार आदर.

६ मार्च

मॅडमनी माझ्या गिरकीवर पाणी ओतलं.

वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण नजर अशी की समोरचा पदर सारखा करतो. तेहेतीस कोऱ्या रकान्यांवरून त्यांनी पेन्सिल फिरवली.

“ताई, कोरं म्हणजे ‘कोणी नाही’ असं कशावरून?”

“कोणी असतं तर लिहिलं असतं.”

“कोणीच नाही, असा पर्याय दिला होता?”

दिला होता. यादीच्या शेवटी. तो फक्त दोघांनी निवडला होता.

“मग या तेहेतीस जणांना काहीतरी म्हणायचंय आणि तुमच्या फॉर्ममध्ये जागा नाही. परत जा आणि विचारा.”

मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. माझ्या इमारतीत मी सोळा वर्षं राहते, त्या एकदाही आलेल्या नाहीत. मी काही जाणार नाही. लोक आळसाने रकाना सोडतात, झालं.

११ मार्च

आज भडका उडाला. दुसरं प्रकरण लिहीत होते, सकाळपासून नऊ वेळा बेल वाजली. दहाव्यांदा वाजली तेव्हा मी जाड अक्षरांत लिहून दारावर चिकटवलं: ‘अभ्यास चालू आहे. कृपया दार वाजवू नये.’ आणि दार लावून घेतलं.

 बाबांनी खुर्ची उचलली, किल्ल्यांचा फळा भिंतीवरून काढला आणि दोन्ही घेऊन बाहेर जिन्याच्या वळणावर जाऊन बसले. फळा कठड्याला बांधला. सुतळी स्वतःची.

संध्याकाळी नवरा आला, बापाला जिन्यात बसलेलं पाहिलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यापेक्षा तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

“सत्र संपेपर्यंतच,” मी म्हटलं.

“बाबांची काही तक्रार नाही,” तो म्हणाला. “वारा चांगला आहे म्हणतात.”

मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवते. पण दिवसभरात सोळा पानं झाली, हेही लिहून ठेवते.

३० मार्च

तोंडी परीक्षा १७ एप्रिलला. बाहेरून परीक्षक येणार आहेत, फार कडक म्हणे. गेल्या वर्षी तिघांना परत पाठवलं. प्रबंध बांधायला द्यायचा तर पंधरा दिवस हातात आहेत.

परवा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एक दिवस हॉस्पिटलात, सोबत नवरा. त्यासाठी आज बाबा शिवणताईंना समोर बसवून तासभर समजावत होते. लाल वही उघडून एकेक घर. शिवणताई मान डोलावत होत्या. शेवटी दोघांनी वहीत सह्या केल्या आणि बाबांनी आमच्या घराची किल्ली त्यांच्या हातात दिली. एक दिवसासाठी चाललेत, पण थाट असा की जणू साता समुद्रापार. मला हसू आलं. जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा.

१ एप्रिल

आजचा दिवस नीट लिहायला हवा. 

सकाळी दोघं हॉस्पिटलात गेले. मी दाराला कुलूप लावून ग्रंथालय गाठलं. साडेदहाला वर्गातल्या एकीने फोन पुढे केला: “काकू, ही तुमची गल्ली ना?” कोपऱ्यावरच्या वीज उपकेंद्रातून काळा धूर. आग आटोक्यात, पण वीज दोन दिवस येणार नाही.

मी काय केलं? खरं लिहायचं तर आधी मला आनंद झाला. लिफ्ट बंद, पंप बंद, अकरा मजले, आणि माझा प्रबंध! पॅड उचललं आणि निघाले. नाही म्हणायला अकराव्या मजल्यावरच्या आजींची आठवण झाली. एकट्या राहतात, दिवसातून दोनदा इन्शुलिनचं इंजेक्शन. फ्रीज बंद. मग मात्र पाय भराभर उचलले.

मागचा जिना फाटकाला जवळचा, म्हणून त्याने थेट वर. घरी डोकावले नाही, घरी होतं कोण? नवव्या मजल्यावर छाती भात्यासारखी चालू लागली. अकराव्यावर पोचले तेव्हा मनात नको नको ते येत होतं.

आजी दाराशी बसून विणकाम करत होत्या. शेजारी भरलेल्या दोन बादल्या.

“ये ग. दम लागला? पाणी पी.”

“आजी, तुमचं इन्शुलिन?”

“ते मघाशीच गेलं. डॉक्टर घेऊन गेले, त्यांच्या बर्फाच्या पेटीत.”

आठवा मजला. दातवाले डॉक्टर पेटीला चिकटपट्टी लावत होते. पेटीत चार घरांची औषधं, प्रत्येकावर नंबर.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“खालून निरोप आला. वीज गेल्यावर दहाव्या मिनिटाला.” त्यांनी सहाव्या मजल्यावरच्या जिमवालीकडे बोट दाखवलं. ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढत होती, वजनं उचलायची सवय असल्यासारखी, नव्हे, आहेच.

“तुला कोणी सांगितलं?” मी तिच्यामागे धावत.

“खालून यादी आली. अकराशे चारला दोन, नऊशे तीनला दोन, सातशे एकला तान्हं बाळ आहे म्हणून तीन. बाजूला व्हा ना, सांडेल!”

मी पुढच्या जिन्याने खाली उतरत राहिले. प्रत्येक वळणावर एक माणूस, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि प्रत्येकाचं एकच उत्तर: खालून. सातवा, सहावा, पाचवा. शिवणताईंच्या दाराला कुलूप. चौथा. मी पॅडवर बाण काढत होते, आणि सगळे बाण एकाच बाजूला.

तिसरा मजला.

आमचं दार सताड उघडं. मी स्वतः कुलूप लावलेलं दार. फळा परत भिंतीवर, बाबांची खुर्ची परत दाराशी, आणि खुर्चीत शिवणताई. मांडीवर लाल वही, कानावर पेन्सिल. माझी ‘दार वाजवू नये’ची चिठ्ठी अजून दारावर होती.

“आलात?” त्या म्हणाल्या. “सातशे चारची मुलगी शाळेतून एकला येते, तिची आई अडकलीये. तिला घेऊन इथेच बसवा. आणि तेवढं दार अडवू नका.”

मी गेले, मुलीला घेऊन आले. मग पायरीवर बसून लाल वही मागितली.

डेपोचं चार्ज बुक. डेपोत कंट्रोलर जागेवरून उठला, अगदी चहाला उठला, तरी दुसऱ्याला चार्ज देऊन सही घेतो. गाडी कोणती कुठे, काय नादुरुस्त, कोण येणार. बाबांनी चौदा वर्षं तेच केलंय. ‘दुपारी २ ते ४, चार्ज: दातवाले.’ ‘सकाळी फिरायला, चार्ज: जिम.’ मागच्या पानांवर एकेक घर: कोण एकटं, कोणाचं औषध फ्रीजमध्ये, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचं पोर किती वाजता येतं. मी सह्या मोजल्या. तेवीस वेगवेगळ्या माणसांच्या सह्या, अकराही मजल्यांवरच्या.

तेवीस. माझी एकही नाही.

आणि मग यादी आठवली. माझी यादी. १०१, १०२, १०३… ३०१, आणि मग थेट ३०३. ‘यात नाही हो.’

मी पायरीवर बसून हसायला लागले आणि मग रडायला लागले. शिवणताईंनी मशीनवरच्या चिंधीसारखा एक रुमाल काढून दिला आणि म्हणाल्या, “रडा, पण एकीकडे आठशे दोनची किल्ली द्या डॉक्टरांना, दारात उभे आहेत.”

२ एप्रिल

वीज दुपारी आली. बाबा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरी आले. येऊन आधी वही मागितली, शिवणताईंनी वाचून दाखवली. “ठीक,” म्हणाले, आणि चार्ज परत घेतला.

दारावरची चिठ्ठी मी काढली. डिंक जरा उरलाय.

४ एप्रिल

मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी हसू दाबलं, ते मला दिसलं.

“दोन मार्ग आहेत,” म्हणाल्या. “आहे तो प्रबंध द्यायचा. आकडे नीट आहेत, कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. किंवा दहा दिवसांत नवा लिहायचा, चूक मान्य करून.”

“आणि चूक बघूनच नापास केलं तर?”

“करू शकतात.”

खिडकी डोळ्यांसमोर आली. तिच्या काचेवरचा तडा मला पाठ आहे. तरी मी म्हटलं, “नवा.” तोंडातून निघून गेल्यावर मला माझीच भीती वाटली.

८ एप्रिल

प्रश्न सातवा पुन्हा, यावेळी यादीत ३०२ आणि फॉर्म वाटायला दुसरी माणसं, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून कोणी लिहायला नको. वर्गातली चौघं स्वतःहून आली. “काकू, अकरा मजले आमच्यावर सोडा.” दीड दिवसात सगळे फॉर्म परत. एकेचाळीसपैकी अडतीस: ३०२. एकाने समासात लिहिलंय, ‘आता विचारलंत!’

वहीतली पानं वापरायला घराघरांतून परवानगी घेतली. नावं झाकली, सह्या तेवढ्या राहू दिल्या.

१६ एप्रिल

उद्या.  शीर्षक बदललंय, दोन प्रकरणं फेकलीत, ‘कपाट हवं असतं’ हे छान वाक्यही गेलं. नवऱ्याने दोनदा माझ्यासमोर परीक्षक होऊन प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळा मला उत्कृष्ट श्रेणी दिली. त्याचा काही उपयोग नाही.

बाबा म्हणाले, “गाडी वेळेवर सोड. पुढचं ड्रायव्हर बघेल.” ड्रायव्हर कोण, ते विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल

झालं! झालं, झालं, झालं!

क्रमाने लिहिते. परीक्षक बारीक, जाड चष्म्याचे, समोर माझा प्रबंध आणि त्यात दहा-बारा चिठ्ठ्या खोवलेल्या. तिसऱ्या प्रकरणाचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं: “‘संशोधिकेची चूक’. हे असं कोणी लिहितं का?”

“मी लिहिलंय सर. नियम पाळायला म्हणून मी माझं घर वगळलं आणि घराबरोबर उत्तरही वगळलं. स्वतःला नमुन्यात धरू नये हे बरोबर. पण लोकांनी माझ्या दाराकडे बोट दाखवायची सोयच ठेवली नाही, ही चूक.”

त्यांनी पान उलटलं. मग तो प्रश्न आला, ज्याची मला धास्ती होती.

“म्हणजे सगळी इमारत एका म्हाताऱ्या गृहस्थांवर उभी आहे. उद्या ते आजारी पडले, तर? याला तुम्ही तग धरणं म्हणता? ही तर कमकुवत बाजू आहे.”

 मॅडमनी मान खाली घातली. आणि मला एकदम इतकं स्वच्छ दिसलं की मी जवळजवळ उभीच राहिले.

“सर, त्या दिवशी ते तिथे नव्हतेच.”

“म्हणजे?”

“वीज गेली तेव्हा ते चार किलोमीटरवर ऑपरेशनच्या टेबलावर होते, डोळे झाकलेले. फोनसुद्धा नव्हता त्यांच्याकडे. त्यांच्या खुर्चीत कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या जागी आणखी बावीस माणसं बसू शकली असती, त्यांच्या सह्या परिशिष्टात आहेत. इमारत त्या माणसावर उभी नाही सर. तो उठताना दुसऱ्याला बसवून उठतो, त्या सवयीवर उभी आहे. आणि ती सवय कुठल्याही इमारतीला लावता येते. त्याला एक वही लागते आणि एक खुर्ची.”

परीक्षकांनी चष्मा काढला. परिशिष्टातल्या सह्या एकेक करून पाहिल्या, सगळ्या तेवीस. मग म्हणाले, “माझ्या इमारतीत नऊ मजले आहेत. शेजारच्याचं नाव मला ठाऊक नाही.” आणि मॅडमना म्हणाले, “हे तिसरं प्रकरण पहिल्या वर्षाला वाचायला लावा.”

उत्कृष्ट श्रेणी. एकमताने.

बाहेर आले तर सगळा वर्ग दारात. “काकूऽऽ!” असा गजर झाला की वरच्या मजल्यावरचे शिपाई खाली आले. आज तो शब्द मला इतका गोड लागला की काय सांगू. मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा जे दार बंद केलं होतं, ते आज मी दोन्ही हातांनी उघडलं, आणि मला हे कोणाला तरी ओरडून सांगायचं होतं, म्हणून मी कॉरिडॉरमध्ये ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

१८ एप्रिल

सकाळी बाबांसमोर फॉर्म ठेवला. “घरच्यांनाही आहे आता.”

त्यांनी नवा चष्मा लावून सगळा वाचला. सातव्या प्रश्नाशी थांबले, फळ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: ‘दार वाजवायची गरज नाही. किल्ल्या आहेत.’

मग उठले, चपला घातल्या. “डोळा बरा झालाय. बागेपर्यंत एकटा जाऊन येतो.” लाल वही माझ्यापुढे धरली. “घेतेस?”

बाबांनी आधी सही केली. त्यांच्याखाली मी केली. वेळ ८.४०. मग त्यांनी मला घराघराचं सांगितलं, चव्वेचाळीस घरं, एक न वगळता, आणि मी मध्ये एकदाही ‘माहीत आहे’ म्हटलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

हे खुर्चीत बसून लिहिते आहे. आत्ताच दातवाले डॉक्टर धापा टाकत आले, अंगावर पांढरा कोट, पायांत घरातल्या सपाता.

“दार ओढलं गेलं. बाबा कुठे आहेत?”

“फिरायला गेलेत,” मी म्हटलं आणि फळ्यावरून ८०२ काढली. “चार्ज माझ्याकडे आहे.”